पाळीव पोपटाच्या पिंजऱ्यातलं सामान: दांड्या, खेळणी, वाट्या आणि बरंच काही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बजी, कॉकाटील, लव्हबर्ड, कॉन्युर, आफ्रिकन ग्रे असा कुठलाही पक्षी घरी आणायचा ठरला की आधी पिंजऱ्याच्या किमतीची चौकशी होते. दांडीचं मात्र फारसं कुणी विचारत नाही. पोपट आडवा पडत नाही. तो खातो, खेळतो आणि झोपतोही पायांवर उभा राहूनच. चोवीस तास त्याच्या तळव्याखाली जे असतं ते आधी नीट करा, मग खेळण्यांकडे वळा.

पिंजऱ्यासोबत प्लॅस्टिकच्या दांड्या आल्या आहेत. त्याच ठेवल्या तर चालेल का?

नाही. फांदीची सोय होईपर्यंत आठवडाभर ठेवा, मग काढा. त्या गुळगुळीत असतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीच्या. पक्ष्याचा भार दिवसरात्र तळव्याच्या त्याच त्या जागांवर येतो. आपण दिवसभर एकाच टणक चपलेत उभं राहावं, तसं ते आहे. आधी तळव्यावरची बारीक खवल्यांची नक्षी पुसट होते, कातडी गुळगुळीत आणि लालसर दिसू लागते. मग घट्टा पडतो, खपली धरते, आणि तिथून जंतुसंसर्ग आत शिरला की हाडापर्यंत पोचू शकतो. डॉक्टर याला ‘बंबलफूट’ म्हणतात. सुरुवातीला लक्षात आलं तर दांडी बदलून आणि उपचाराने बरं होतं. उशीर झाला तर महिनोन् महिने ड्रेसिंग करावं लागतं.

खरादावर काढलेली लाकडाची गोल दांडी निसरडी नसते एवढाच फरक. एकसारख्या जाडीचा दोष तिच्यातही आहेच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तळवे बिघडायला एकटी दांडी जबाबदार नसते. फक्त सूर्यफुलाच्या बिया आणि राळं खाणाऱ्या पक्ष्यात अ जीवनसत्त्व कमी पडतं, कातडी कमकुवत होते, वर वजनही वाढतं. उत्तम फांदी लावून आहार तोच ठेवला तर पायाचं दुखणं पुन्हा डोकं वर काढेल.

दांडीची जाडी किती हवी?

पोपटाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. दांडीवर बसल्यावर ही पकड दांडीच्या घेराच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भागाला वेढायला हवी. पुढची आणि मागची नखं एकमेकांना भिडत असतील तर दांडी बारीक आहे. बोटं जवळजवळ सपाट पसरली असतील तर ती जाड आहे.

साधारण अंदाज असा: बजीला १ ते १.५ सेंमी, कॉकाटील आणि लव्हबर्डला १.५ ते २ सेंमी, कॉन्युरला २ ते २.५, आफ्रिकन ग्रेला ३ ते ४, मोठ्या मकाऊला ५ सेंमी आणि वर. मात्र फूटपट्टी घेऊन अचूक माप साधत बसू नका. फांदी कुठे जाड कुठे बारीक असते, हाच तिचा गुण. पक्षी सरकत सरकत जागा बदलतो आणि पकड आपोआप बदलत राहते.

कोणत्या झाडाची फांदी वापरावी?

माझं पहिलं मत पेरूला. लाकूड चिवट, साल पातळ, फाटे वेडेवाकडे. पक्षी ती साल आनंदाने सोलत बसतात आणि त्यात काही बिघडत नाही. शिवाय परसात, शेताच्या बांधावर, ओळखीच्या कुणाच्या तरी अंगणात पेरू असतोच. त्याखालोखाल कडुनिंब, जांभूळ, तुती, निलगिरी. बाभूळही चांगली, पण एकेक काटा मुळापासून छाटावा लागतो. जास्वंदाच्या फांद्या बजीसाठी बऱ्या. शेवग्याचं लाकूड इतकं मऊ की कॉन्युर त्याचा चार दिवसांत भुगा करतो. त्याला दांडी न समजता खेळणं समजून द्या. बांबू विषारी नाही, पण गुळगुळीत आणि बराचसा एकाच जाडीचा असतो. चिरला तर कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. चारपैकी एक दांडी बांबूची असायला हरकत नाही, चारही नकोत.

आता नकोत ती झाडं: कण्हेर, तिची बहीण शोभावी अशी पिवळी बिट्टी, रुई, धोतरा, एरंड, घाणेरी, चाफा, शेर आणि चीक येणारे इतर निवडुंगवर्गी. यांतल्या कण्हेर आणि बिट्टीबद्दल तर थट्टाच नको. हृदयावर परिणाम करणारं विष त्यांच्या प्रत्येक भागात असतं आणि सोसायटीच्या कुंपणाला नेमकी तीच लावलेली असतात. अव्होकॅडोचं झाड आता इथल्या बागांमधूनही दिसू लागलंय. त्याची पानं, साल, फळ सगळंच पक्ष्यांना घातक आहे. आंबा आणि काजूचा चीक कातडीला झोंबतो. पेरू मिळत असताना ती जोखीम कशाला घ्यायची?

झाड ओळखता येत नसेल तर फांदी घेऊ नका. औषधफवारणी झालेल्या बागेतली आणि वाहत्या रस्त्याकडेची फांदी टाळा. सुताराकडे उरलेले तुकडे, प्लायवूड, जुन्या फर्निचरच्या पट्ट्या यांत पॉलिश, डिंक आणि वाळवीचं औषध असतं, म्हणून त्याही बाद.

फांदी आणली, आता पुढे काय?

आधी नीट बघा. किड्यांची भोकं, बुरशीचे काळे-पांढरे डाग, दुसऱ्या पक्ष्यांची विष्ठा असेल तर ती फांदी नकोच. चांगली असेल तर ताठ केसांच्या ब्रशने साध्या पाण्याखाली घासून धुवा. साबण लावायची गरज नाही, तो सालीत राहून जातो. मग कडक उन्हात वाळवा. एप्रिल-मे असेल तर आठवडा पुरतो. घरी ओव्हन असेल तर १०० अंशांच्या आसपास अर्धा-पाऊण तास, तेही समोर थांबून. साल काढू नका. कापलेली टोकं सँडपेपरने घासून गोल करा. सँडपेपरचं काम इथेच संपतं.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, जाड फांदी आतून वाळतच नाही आणि पिंजऱ्यात लावल्यावर बुरशी धरते. म्हणून वर्षभराच्या फांद्या होळीनंतर तोडून, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवणं सोयीचं. श्रावणात पेरूची ओली फांदी शोधत फिरू नये.

बसवायला दोन पद्धती. एक म्हणजे दोन्ही टोकांना खाच पाडून ती आडव्या गजांवर अडकवणं. दुसरी जास्त पक्की: एका टोकाला भोक पाडून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू-बोल्ट घालायचा, गजांच्या बाहेरून मोठा वॉशर आणि विंग नट आवळायचा. हार्डवेअरच्या दुकानात ३०४ ग्रेड मागा.

नखं झिजावीत म्हणून दांडीवर सँडपेपरचं कव्हर चढवावं का?

नको. नखाची टोकं दांडीला फारशी टेकतच नाहीत, टेकतो तो तळवा. नखं राहतात तशीच आणि तळवा सोलवटतो. पिंजऱ्याच्या तळाला अंथरायचा सँडपेपरही नको.

खरबरीत सिमेंट किंवा खनिजाची दांडी मिळते ती वेगळी. ती एक असू द्या, खाण्याच्या वाटीजवळ. पक्षी खाऊन झाल्यावर तिच्यावर चोच पुसतो आणि घासतो. झोपायच्या जागी ती लावू नका. तरीही नखं वाढलीच तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून कापून घ्या. नखात रक्तवाहिनी असते.

दोरीची दांडी किंवा झोका चांगला का?

सुती दोरी पायांना मऊ असते आणि हवी तशी वाकवता येते, हे खरं. पण चोचीने उसवली की धागे सुटतात. सुटलेला धागा बोटाभोवती पीळ घेतो, रक्त थांबतं, आणि मालकाच्या लक्षात येईपर्यंत बोट काळं पडलेलं असतं. गिळलेले धागे गळ्याच्या पिशवीत गोळा होऊन अडकतात, तो दुसरा धोका. दोरी वापरायचीच तर दर आठवड्याला बघा, सुटलेले धागे मुळाशी कापा, आणि पक्षी धागे ओढून खातो असं दिसलं तर दोरी कायमची काढा. नायलॉन, मांजा, केसाळ सुतळी पिंजऱ्यात नकोच.

घुंगरू आणि आरसा?

घुंगराला खाली जी चीर असते, तिच्यात बजीचं बोट किंवा चोचीचं टोक बरोबर अडकतं. आत खडा सुटा असतो आणि धातू कसला आहे कुणालाच ठाऊक नसतं. घंटाच हवी तर उघड्या तोंडाची, जाड स्टेनलेस स्टीलची घ्या. लोलक पक्का असावा. तो चोचीने काढून गिळल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आरशाबद्दल लोक माझ्याशी वाद घालतात. एकट्या बजीला आरसा दिला की तो काही दिवस खूश दिसतो. मग तो प्रतिबिंबाला भरवू लागतो, खाल्लेलं त्याच्यासाठी ओकून काढतो, आरशाजवळून हलत नाही आणि जवळ जाणाऱ्याला चावतो. सोबत हवी असेल तर दुसरा पक्षी आणा किंवा स्वतःचा वेळ द्या.

पिंजरा जी.आय. जाळीचा आहे. त्यात एवढं काय वाईट?

जी.आय. म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. पोपट गज चोचीने धरून चढतो, चावतो, चाटतो. जस्ताचे सुटे कण, पांढरी भुकटी आणि वितळून साचलेले थेंब पोटात गेले की विषबाधा होते. नव्या जाळीत हे जास्त असतं. लक्षणं: पक्षी पिसं फुलवून गप्प बसतो, खाल्लेलं ओकतो, हिरवट पातळ विष्ठा होते, पाय लुळे पडतात, कधी झटके येतात. शिसंही असाच घात करतं, मग ते झाळकामातून येवो की जुन्या रंगातून, मासेमारीच्या वजनातून किंवा पडद्याच्या खालच्या वजनातून. असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. क्ष-किरण आणि रक्ततपासणी करून शरीरातला धातू बाहेर काढणारं औषध डॉक्टर देऊ शकतात.

स्टेनलेस स्टीलचा पिंजरा उत्तम, पण महाग. पावडर कोटिंगचा चांगला पिंजरा मध्यम मार्ग, जोवर रंगाचे पोपडे निघत नाहीत तोवर. जी.आय.शिवाय पर्यायच नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि ताठ ब्रशने सगळी जाळी घासा, पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, पुन्हा तेच करा. धोका कमी होतो, संपत नाही.

गजांमध्ये अंतर किती असावं? आणि गोल पिंजरा?

डोकं बाहेर निघता कामा नये. बजी आणि लव्हबर्डला १ ते १.२ सेंमी, कॉकाटीलला १.५ पर्यंत, आफ्रिकन ग्रेला २ ते २.५. पंख पूर्ण पसरून फडफडवता येतील एवढी रुंदी ही किमान अट. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण पक्षी आडवा उडतो.

घुमटाचा गोल पिंजरा दिवाणखान्यात छान दिसतो. पक्ष्याला त्यात पाठ टेकवून सुरक्षित वाटेल असा कोपरा नसतो, आणि वर जिथे गज एकत्र येतात तिथे बोटं अडकतात. घेऊ नका.

दांड्या कुठे लावायच्या?

सगळ्यात उंच दांडी झोपण्यासाठी, कारण पक्षी रात्री उंच जागाच शोधतो. ती सगळ्यात आरामाची असू द्या. बाकीच्या वेगवेगळ्या उंचीवर लावा. वाट्यांच्या बरोबर वर एकही नको, नाहीतर पाण्यात विष्ठा पडते. एकाखाली एकही नकोत. शेपूट गजांना घासत असेल तर दांडी आत सरकवा. उडायचा मधला मार्ग मोकळा ठेवा. दुकानातलं सगळं सामान कोंबलेल्या पिंजऱ्यात पक्ष्याला हलायला जागा राहत नाही. मध्यम पिंजऱ्यात तीन-चार दांड्या आणि तीन खेळणी भरपूर झाली.

बजीच्या जोडीला मडकं लावायचं असतं ना?

(आपल्याकडे बजीलाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, बजी ऑस्ट्रेलियाचा.)

पिल्लं हवी असतील, त्यांच्यासाठी घरं तयार असतील आणि मादीच्या आहारात कॅल्शियम पुरेसं असेल, तरच. मडकं दिसलं की मादी अंडी घालू लागते. एकामागून एक घालत राहिली तर शरीरातलं कॅल्शियम संपतं, अंडं अडकतं, आणि त्यात मादी दगावू शकते. झोपायला मडकं लागत नाही. केसाळ कापडाचे तंबू मिळतात तेही याच कारणाने नकोत. शिवाय त्यांचे धागे पोटात जातात.

वाट्या कोणत्या?

स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी, पक्की अडकवलेली. चिनी मातीची जड वाटीही चालते. प्लॅस्टिकवर चरे पडले की त्यात जंतू राहतात. तांब्या-पितळेची भांडी आपल्यासाठी असू द्या, फळांच्या आंबट रसाने धातू उतरतो. आंघोळीला एक उथळ ताटली आठवड्यातून काही वेळा ठेवा. उन्हाळ्यात रोज.

समुद्रफेण कुठे मिळतं? वाळू-खडे द्यावे लागतात का?

समुद्रफेण म्हणजे माकुळाच्या जातीतल्या एका प्राण्याचं आतलं कवच. पक्ष्यांच्या दुकानात मिळतं, काष्ठौषधीवाल्याकडेही मिळतं, आणि कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर फिरताना सापडतं. किनाऱ्यावरचं असेल तर काही दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलत, भिजवा. मग उन्हात खडखडीत वाळवून मऊ बाजू पक्ष्याकडे येईल असं गजाला बांधा.

वाळू-खडे नकोत. पोपट बी सोलून खातो. कबुतरासारखं अख्खं गिळत नाही.

महागड्या खेळण्यांऐवजी घरचं काय देता येईल?

भरपूर. पोपटाला वस्तू मोडायला आवडतात, म्हणून मोडून संपणारी स्वस्त वस्तू हे सर्वांत चांगलं खेळणं. पळसाच्या पानांची पत्रावळ किंवा द्रोण, सुपारीच्या पोफळीची ताटली (आत प्लॅस्टिकचा थर नसलेली), मक्याच्या दाणे काढलेल्या कणसाचं बुरकुंड, शेवग्याच्या शेंगा, खोबरं खरवडलेली करवंटी काथ्या साफ काढून, कोऱ्या कागदाच्या पुड्यांत लपवलेले चार दाणे. रोजचं खाणं असं शोधून खायला लावलं की पिसं उपटायची सवय लागायची शक्यता कमी होते.

सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं कितीही मोहक असली तरी ती रंगवलेली असतात, चावण्यासाठी नाहीत. स्टेपलरच्या पिना, चिकटपट्टी, की-रिंग आणि रबरबँडही दूर ठेवा. खेळणं लटकवायला साखळी घेतली तर कड्या एकतर इतक्या बारीक की बोट शिरणार नाही, नाहीतर इतक्या मोठ्या की अडकणार नाही.

दांड्या किती वेळा धुवायच्या?

विष्ठा लागली की लगेच खरवडा. आठवड्याला गरम पाण्याने घासा आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावा. म्हणून दोन जोड हवेत. तळाला कोरं किंवा छापील वर्तमानपत्र उत्तम. रोज बदला आणि बदलताना विष्ठेचा रंग बघा. आजार पहिल्यांदा तिथेच दिसतो.

सगळं सामान ठीक आहे, पण पिंजरा स्वयंपाकघरात आहे.

आजच हलवा. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याच्या थरातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो. पक्ष्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षम असतात, म्हणून विषारी हवाही तितक्याच वेगाने आत जाते. मिरचीची फोडणी, डासांची कॉइल, धूप, कापूर यांपासूनही लांब ठेवा. पक्षी बाहेर सोडण्याआधी छताचा पंखा बंद, हा नियम घरातल्या सगळ्यांना पाठ हवा.

नवी दांडी लावली तर तो तिच्याकडे फिरकतही नाही.

घाबरलाय. आफ्रिकन ग्रे तर यासाठी प्रसिद्ध. नवी वस्तू काही दिवस पिंजऱ्याबाहेर, त्याला दिसेल अशी ठेवा, रोज थोडी जवळ आणा. तुम्ही ती हाताळा, तिच्यावर दाणा ठेवा. जुन्या दांड्या एकदम सगळ्या काढू नका. मध्यरात्री पिंजऱ्यात नवीन सामान लावू नका.

आमच्याकडे बरीच वर्षं हिरवा मिठू आहे. त्यालाही हेच लागू?

पाय त्याचेही तसेच असतात, पण आधी कायदा. रानातले आपले पोपट, लाल कंठीचा असो की मोठा पहाडी, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पकडायला, विकायला आणि पाळायला बंदी आहे. पायात साखळी घालणं तर त्याहून वाईट. हाडाला कायमची इजा होते. घरात असलेला मिठू गच्चीवरून सोडून देऊ नका, माणसाळलेला पक्षी बाहेर टिकत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून विचारा. परदेशी जातींपैकी आफ्रिकन ग्रे, मकाऊ, बहुतेक कॉन्युर यांची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते, त्याचे नियम २०२४मध्ये आले. बजी आणि कॉकाटील त्या यादीत नाहीत.

पक्षी म्हातारा झालाय, पकड सैल पडते.

दांड्या खाली आणा, तळाशी जाडसर टॉवेल अंथरा, झोपायच्या जागी दांडीऐवजी एक रुंद सपाट फळी लावा. वाट्या त्याच पातळीवर ठेवा. एका दांडीवरून दुसरीवर चढायला वेडीवाकडी फांदी तिरकी लावली की त्याला उडावं लागत नाही. पकड अचानक सैल झाली असेल तर ते वय समजू नका, तपासून घ्या.

बोटाला धागा गुंडाळला गेला तर?

ओढू नका. पक्ष्याला हलक्या टॉवेलात धरा, छाती दाबू नका, कारण छाती हलली नाही तर त्याला श्वास घेता येत नाही. दुसऱ्या माणसाने पिंजऱ्याकडून येणारा धागा आधी कापायचा, म्हणजे लटकणं थांबेल. बोटावरचा पीळ उजेडात आणि भिंगातून स्पष्ट दिसत असेल, तरच बोथट टोकाच्या लहान कात्रीने सोडवा. कातडीत रुतला असेल, बोट सुजलं किंवा काळपट झालं असेल तर तसंच अंधाऱ्या खोक्यात ठेवून डॉक्टरांकडे न्या. रक्त येत असेल तर स्वच्छ कापसाने दाबून धरा. पक्षी पाहणाऱ्या डॉक्टरांचा नंबर पिंजरा विकत घेतला त्याच दिवशी शोधून ठेवा. गावोगावचे पशुवैद्य गाई-म्हशींत निष्णात असतात, पण बजीचं बोट हाताळलेला शोधायला वेळ लागतो.